आत्याचे दोन हिस्से

शुक्रवार, २४ ऑक्टोबर २०२५

काल भाऊबीजेच्या गडबडीत मी इथे लिहिलं, ‘आत्याला अल्झायमरचा जीन आहे.’ ते चूक आहे. दुरुस्ती करते.

तो जीन सगळ्यांनाच असतो. मला, माझ्या भावाला अंकुरला, पप्पांना, खालच्या इस्त्रीवाल्यालासुद्धा. त्याचं नाव एपीओई. त्याचे मुख्य प्रकार तीन: दोन नंबर, तीन नंबर, चार नंबर. प्रत्येक माणसाकडे त्यातले दोन येतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. बहुतेकांकडे तीन-तीन. एक चार आला तर उतारवयात अल्झायमरचा धोका वाढतो, दोन्ही चार आले तर बराच वाढतो. आत्याचे दोन्ही चार आहेत. पण धोका म्हणजे आजार नव्हे. हे वाक्य आत्याचा निकाल समजावणाऱ्या डॉ. संघमित्रा यांनी मला पुन्हापुन्हा ऐकवलं, मी दर वेळी मान हलवली, आणि घरी येऊन ‘आत्याला जीन आहे’ असं लिहून मोकळी झाले. नुसतं लिहिलं नाही, स्वयंपाकघरात आईला तसंच सांगितलंही. पप्पा दारात उभे होते.

आमच्या औषधाच्या कंपनीत मी क्वालिटीला आहे. तिथे चूक खोडून गिरगटायची नसते. एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर ते लिहायचं, सही, तारीख. कालच्या पानावर तसं केलं. बोललेल्यावर रेघ कशी मारायची हे कंपनीने शिकवलेलं नाही.

तसं पाहिलं तर मी गप्प बसले असते तरी फरक पडला नसता. आमच्या शिरवण्याच्या गावदेवीच्या हॉलमध्ये साठीपुढच्यांच्या स्मरणशक्तीचा अभ्यास करणारे लोक आले होते. आत्या मैत्रिणींबरोबर गेली आणि रक्त देऊन आली. निकाल पाहिजे का विचारल्यावर म्हणाली, “माझा रगत, मना नाय तर कोनाला सांगाल?” आणि काल ओवाळून झाल्यावर पप्पांनी ताटात साडी ठेवली, तेव्हा तिने ताट बाजूला सरकवलं.

“साडी र्‍हाऊदे. भगवान, आयक. आपल्या आय-बाचं मना दोन हिस्सं मिलालं. एक आयचा, एक बाचा. डाक्टरनीनं सांगलाय.”

पप्पांचा चेहरा पडला. सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळाला तेव्हा आत्याने हक्कसोड करून दिली होती. त्यावर घरात कोणी बोलत नाही.

“कसले हिस्से, बाय?”

“जमिनीत मना कं नाय दिलास. हितं सगला माझा! तुझ्या वाट्याला कं आयलाय ता तू बघ जाऊन.”

आणि ती इतकी हसली की तिला ठसका लागला. आई पाणी घेऊन आली आणि ग्लास हातात धरूनच हसायला लागली. मग मी, मग अंकुर. पप्पांनी टीव्ही लावला.

रविवार, २६ ऑक्टोबर

अंकुरच्या लग्नाची पहिली बैठक. हळद २९ नोव्हेंबरला, लग्न ३० ला. नवरी प्राची, उरणजवळच्या मोऱ्याची.

यादी वगैरे सगळं झालं आणि पप्पा म्हणाले, “धवल्यांचं काय करायचं?”

सगळे आत्याकडे बघायला लागले, म्हणजे न बघायला लागले. आत्या धवलारीण आहे. आमच्यात लग्नाचा मांडव उभा राहिला की हळदीपासून प्रत्येक विधीला धवले गावे लागतात. ते कुठे छापलेले नाहीत. ते बाईच्या तोंडी असतात, आणि शिरवण्यात मी जन्मल्यापासून ती बाई म्हणजे चांगुणा आत्या.

“मधेच विसरली तर? मोऱ्याची माणसं समोर बसलेली असणार,” पप्पा म्हणाले.

“टेन्शन कशाला घेताय?” अंकुर म्हणाला. “आत्याचा आवाज आधी रेकॉर्ड करू. ब्लूटूथवर लावू. एकदम क्लीन.”

“मंग नवरी पन ब्लूटूथवर आन,” आत्या म्हणाली. “तुना साजल.”

पप्पा हसले नाहीत. त्यांना शेजारच्या गावच्या रंगूबाईंना सुपारी द्यायची आहे. त्याही धवलारीण, आत्याच्या वयाच्या, आणि तीस वर्षं दोघी एकमेकींच्या आवाजाला नावं ठेवत आल्या आहेत. आत्याच्या स्वतःच्या भाच्याच्या हळदीला रंगूबाई! आत्या नुसती सुपारी कातरत राहिली. ते मला सहन झालं नाही.

“मी तपासते,” मी म्हटलं. “रोज संध्याकाळी आत्या सगळे धवले म्हणेल, कुठे अडते ते मी बघेन. मग ठरवा.”

“पंधरा तारखेपर्यंत,” पप्पा म्हणाले. “त्यानंतर मी रंगूबाईंना शब्द देणार.”

तपासणारी मीच असू शकते. लहानपणी मला दमा होता म्हणून तिसरीपर्यंत शाळेत घातलं नव्हतं. आईने अक्षरं शिकवली, बाकी सगळं आत्याने, आणि आत्याकडे शिकवायला धवल्यांशिवाय काही नव्हतं. आकडे मी आवतानाच्या धवल्यातून शिकले. त्यात मांडवाला एकेकाला बोलावतात: पहिलं आवतान भरतीला, दुसरं शेताला, असं करत खाडीतल्या चिंबोरीलासुद्धा, आणि शेवटी घरातल्या गेलेल्या माणसांना. शाळेत बाईंनी विचारलं, पाचानंतर काय? मी म्हटलं, चिंबोरी.

बुधवार, २९ ऑक्टोबर

आज सुरुवात. आत्या डोक्यावर पदर घेऊन पाटावर बसली. मी समोर, मोबाइल रेकॉर्डिंगला.

*पयला आवतान खारीच्या भरतीला गो,*
*दुसरा आवतान पिकल्या धरतीला गो,*
*तिसरा आवतान मिठाच्या राशीला गो…*

आवाज तोच, कोरड्या बोंबलासारखा खरखरीत आणि खमंग. (ही उपमा आत्याची आहे, स्वतःबद्दलची. ती बाजारात सुकी मासळी विकते.) पाचव्या आवतानापर्यंत छान गेली आणि थांबली.

“चिंबोरी,” मी हळूच म्हटलं.

“चिंबोरीचा कं? सगला बोल. आयकला का आठवल.”

मी म्हटलं. चालीवरच म्हटलं, चालीशिवाय मला येत नाही.

“हां. आयला,” ती म्हणाली, आणि पुढे गेली. मग दोन ठिकाणी पुन्हा अडली. मी सांगितलं.

तीन जागा. पहिल्याच दिवशी. पप्पांनी विचारलं तेव्हा मी “ठीक आहे” म्हटलं. हे खोटं नाही, पण पूर्णही नाही.

पप्पांनी आजपासून भिजवलेले बदाम सुरू केलेत. आईने विचारलं कशाला, तर म्हणाले, गुडघ्यासाठी.

शनिवार, १ नोव्हेंबर

आज सहा जागा अडल्या. आणि मी सांगितलेलंही तिला पटकन पटत नाही! मिठागराच्या कडव्यात मी “पांढऱ्या राशीशी” म्हटलं तर हात वर करून मला थांबवलं.

“तसा नाय वाटत. परत बोल.”

मी पुन्हा आठवलं. “उजल्या राशीशी?”

“हां. आता बरा वाटतं.”

विसरते ती आणि घाम मला फुटतो. शेवटी शेवटी तर मीच गात होते आणि ती नुसती मांडीवर ठेका धरून होती. अंकुर आत येऊन म्हणाला, “परीक्षा नेमकी कोणाची चाललीये?” मी त्याला बाहेर काढलं. त्याला कशाचं गांभीर्य नाही.

दुपारी डॉ. संघमित्रांना फोन केला. मूळच्या नांदेडकडच्या, शांतपणे आणि सावकाश बोलतात. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “गाताना अडतात. बाजारात अडतात का? हिशेब चुकतो? रस्ता चुकतो?” मी म्हटलं, परवाच एका बाईने चार सुक्या वाकट्यांचे पैसे कमी दिले तर आत्या तिच्यामागे जुईनगर स्टेशनपर्यंत गेली. त्या हसल्या. मग त्यांनी मला आत्याच्या चाचणीची गंमत सांगितली: दहा शब्द ऐकवून थोड्या वेळाने विचारतात. आत्याने दहाही सांगितले, चाल लावून, आणि वर शेजारच्या खुर्चीवरच्या बाईचे दहाही. फक्त आदल्या आठवड्यातल्या गोष्टींबद्दल विचारलं तेव्हा थोडी चाचपडली. ते वयाचंही असू शकतं. सहा महिन्यांनी पुन्हा बघू, तोवर बीपी, साखर आणि कान तपासून घ्या, आणि गाणं बंद करू नका.

“आणि चार-चार?”

“ते बदलत नाही. बाकीचं पुष्कळ आपल्या हातात असतं. आणि रुतिका, आकडे वाचत बसू नका. बरेचसे परदेशातल्या लोकांचे आहेत. आपल्याकडचा अभ्यास अजून थोडा आहे, म्हणून तर आम्ही तुमच्या गावदेवीपर्यंत आलो.”

मी आधीच वाचले होते. हे त्यांना सांगितलं नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

हिशेब मांडला. आत्याचे दोन्ही चार, म्हणजे आजीकडे किमान एक चार होता आणि आजोबांकडेही. म्हणजे पप्पांना किमान एक चार मिळाला असण्याची शक्यता निदान चारात तीन. त्यापुढे मी. मी तिथे पेन ठेवलं आणि भांडी घासली. आईने विचारलं, बरं नाही का तुला?

पप्पांचं बदामावर भागलेलं नाही. सुडोकू आलं, उलट्या क्रमाने पाढे आले. आज सकाळी सतरा सक्कं म्हणत म्हणत ते गाडीची किल्ली शोधत होते, आणि किल्ली त्यांच्या हातात होती. मी दाखवली तर एकदम चिडले. “मला माहीत होतं!”

नंतर आईने सांगितलं. आजी शेवटची काही वर्षं दुपारी घरातून निघून जायची, मिठागरावर मजुरीला. मिठागर कधीच बुजलं होतं, तिथे आता सीवूड्सची दुकानं आणि टॉवर आहेत. पप्पा तेव्हा अंकुरएवढे. कामावरून अर्धी रजा टाकून आजीला शोधायला जायचे. एकदा ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलेली सापडली. तिने पप्पांना विचारलं, मुकादम, आज खाडा तर नाही ना लावला?

पप्पांनी मला हे कधी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं त्यांना मोऱ्याच्या माणसांची लाज वाटते.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज रंगूबाई स्वतः आल्या! मी दार उघडलं तर समोर त्या. पप्पांनी पंधरा तारखेची वाट न बघता त्यांना विचारलं होतं. अंगावर भरजरी, नाकात नथ, हातात सुकटीची पिशवी.

“चांगुने, हाईस का गेलीस?”

“तुना पोचवल्याबिगर कशी जाऊ?” आत्या आतून ओरडली.

दोघी समोरासमोर बसल्या. मला वाटलं आता भांडण. पप्पा कोपऱ्यात उभे, बदामाचा डबा हातात.

“भगवानदादा,” रंगूबाई म्हणाल्या, “हलदीचा बोलीन, मांडवाचा बोलीन. पन आवतान मी नाय बोलनार. त्यान तुमच्या घरची मेलेली मानसा येतान. त्यांना बोलवायला घरची लेक लागते. मी बोलावला तं ती बोलतील, ही कोन भवानी? आनि मांडवाच्या बाहेर उभी र्‍हातील. मंग तुमच्या पोराचा संसार कसा व्हयाचा?”

पप्पांनी डब्याचं झाकण लावलं. कंपनीत याला कार्यपद्धती म्हणतात, आणि कार्यपद्धतीपुढे मॅनेजरही गप्प बसतो. हळद आणि मांडव कोणीही गाईल, आवतान आत्यानेच.

मग रंगूबाईंनी माझी हनुवटी धरली. “भगवानची पोर ना तू? आवाज काढ बगू.”

मी म्हटलं, मला गाता येत नाही, मी फक्त तपासते.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. “किती झाला गो?” रंगूबाईंनी विचारलं.

“आर्ध्याच्या वर,” आत्या म्हणाली. “घाबरं हाय, पन पक्कं हाय.”

गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांबद्दल बोलत असाव्यात. पण पापड घाबरट कसे असतील? विचारायचं राहिलं.

जाताना रंगूबाई म्हणाल्या, “चांगुने, तुझा आवाज अजून फुटक्या मडक्यासारखाच हाय.” आत्या दिवसभर खूश.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

मी मूर्ख आहे! मूर्ख, मूर्ख. रेघ मारणार नाही, राहू दे तसंच.

आज कंपनीत एका मशीनची तपासणी होती. ऑपरेटर म्हणाला, वजनकाटा बंद आहे, आणि पुढच्याच वाक्यात म्हणाला, गोळी दोन मिलिग्रॅमने कमी भरते. माझे साहेब म्हणाले, काटा बंद आहे तर कमी भरते हे तुला कळलं कसं? सगळे हसले. मी हसता हसता थांबले.

आत्याला मिठागराचं कडवं आठवत नव्हतं. मग ‘पांढऱ्या’ चुकीचं आहे हे तिला कळलं कसं?

घरी येऊन सगळी रेकॉर्डिंग्ज ऐकली. ज्या ज्या जागी ती अडली, तिथे माझं चुकलं की तिने मला थांबवलंय. प्रत्येक वेळी! आणि जे कडवं मी एकदा बिनचूक म्हटलं, तिथे ती पुन्हा कधीच अडली नाही. चिंबोरी, मीठ, उंबरा, जातं, उखळ, सगळं. आत्या सगळ्या जागा मुद्दाम सोडत होती. मी तिची परीक्षा घेत नव्हते. तीच बसल्या बसल्या माझ्याकडून घोकून घेत होती, तिसरीपर्यंत घेत होती तशी!

मी तडक तिच्या खोलीत गेले. ती बोंबील निवडत होती.

“आत्या, तुला सगळं येतं.”

“कं येतं?”

“धवले. तू नाटक करत होतीस.”

तिने एक बोंबील माझ्यापुढे धरला. “यो वास घे. खवट हाय का?”

“आत्या!”

“सरल बोललू असतू का धवला शीक, तं तू बोलली असतीस, आत्या, मना टाइम नाय, ऑफिस हाय, माझ्याकून चुकल. तपासाला बोलला का तू पलत येतंस.” मग ती एवढी हसली की बोंबील जमिनीवर. मी तिच्या गळ्यात पडले. माझ्या कुर्त्याला अजून वास येतो आहे आणि मी तो बदललेला नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज पप्पांना रिपोर्ट द्यायचा होता. मी उभी राहून दिला, कंपनीत देते तसा. पहिली गोष्ट: भाऊबीजेला मी जे बोलले ते चूक होतं, आत्याला आजार झालेला नाही, धोका जास्त आहे, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुसरी: आवतानाचा धवला आत्याला पूर्ण येतो. तिसरी: मलाही.

पप्पांनी सुडोकू बाजूला ठेवलं. मग आत्याला म्हणाले, “बाय, आयला पण सगळं येत होतं.”

“ठावं हाय मना.”

“मला… मला त्या दुकानाच्या पायरीवर नाही बसायचं गो.”

पप्पा कोणाला ‘गो’ म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं. साठीचा माणूस एकदम लहान भाऊ झाला. आत्या उठली, त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, आणि म्हणाली, “येड्या, तुझा हिस्सा मीच घेतलाय. दोन्ही माझ्याकं हान. तुना कं उरलाच नाय.”

हे शास्त्राप्रमाणे साफ चूक आहे. एकाला मिळालं म्हणून दुसऱ्याचं कमी होत नाही, प्रत्येक मुलाची वाटणी वेगळी होते. मी तोंड उघडलं. पप्पा रडत रडत हसत होते. मी तोंड मिटलं.

इथे नोंद करून ठेवते: चूक पाहिली, दुरुस्त केली नाही. रुतिका.

मग पप्पांनी स्वतः रंगूबाईंना फोन करून सांगितलं की हळद आणि मांडव तुम्ही दोघी वाटून घ्या, आवतान आत्याचं. बदाम सगळ्यांना वाटले. अंकुरने ब्लूटूथ स्पीकर लावला आणि आत्या त्याच्याबरोबर नाचली. आईसुद्धा! खालच्या मजल्यावरून आवाजाची तक्रार करायला बेल वाजवलेल्या काकू दोन गाणी ऐकून परत गेल्या.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

वाशीला साड्यांची खरेदी. धवलारणीला यजमानाने साडी आणि नारळ द्यायचा असतो. आत्याने एकसारख्या दोन घेतल्या, लाल, बारीक जरीच्या. पप्पांनी विचारलं, “दोन कशाला?”

“एक धुवाला पडली तं?”

ब्लाउजचं माप तिने माझं दिलं. मी म्हटलं, आत्या, हे माझं माप आहे. ती म्हणाली, “मी बारीक झालंय.” ती अजिबात बारीक झालेली नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आता तालीम मजेची झाली आहे. ती अडते, मी डोळे मिचकावते, म्हणते. आज शेवटच्या भागाला पोचलो, घरच्या गेलेल्यांना बोलावण्याच्या. आत्याने पणजोबांना बोलावलं, आजोबांना बोलावलं आणि आजीच्या कडव्याला थांबली. मी वाट बघितली. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. मग ती माझ्याकडे बघत राहिली, एखाद्या नव्या गिऱ्हाइकाकडे बघावं तशी. काय अभिनय! मी मनात टाळ्या वाजवल्या आणि कडवं उचललं:

*या गो मैनाबाय, मांडव तुमचा गो,*
*हिरव्या लुगड्यान पदर सावरा गो…*

“हां,” आत्या म्हणाली. “तसाच.”

आणि माझं मनगट घट्ट धरलं. बांगड्या रुतल्या. मग म्हणाली, “आज पुरे झाला, गंगू.”

गंगू तिची मोठी बहीण, मी जन्मण्याच्या आधी गेलेली. गंमत करत असणार. दिवसभर बाजारात उभी होती, दमली होती.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

घरात पाय ठेवायला जागा नाही. मोऱ्याहून प्राचीच्या आईने बोटीने सुरमई पाठवली, सोबत चिठ्ठी: ‘आमच्या मुलीला चिंबोरी आवडत नाही, सवय लावा.’ आत्या म्हणाली, “सहावा आवतानच तिला देतू.” मांडवाचे बांबू आले. अंकुर चेहऱ्याला मुलतानी माती लावून दारात उभा होता, कुरिअरवाला घाबरून परत गेला.

या सगळ्यात मी चहाबरोबर शनिवारचं रेकॉर्डिंग ऐकलं, उगीच, गंमत म्हणून. आणि कप खाली ठेवला.

‘हिरव्या लुगड्यान.’ हे माझं चुकलं आहे. ‘तांबड्या’ आहे. आजी तांबड्याशिवाय नेसायची नाही. लहानपणी मी एकदा हिरव्या म्हटलं तर आत्याने माझा कान पिळला होता: “माझ्या आयला परकीचा लुगडा नेसवतंस?” सगळ्या धवल्यात एवढा एक शब्द चुकवलेला तिला चालत नाही.

आणि ती म्हणाली, “हां. तसाच.”

बुधवार, २६ नोव्हेंबर

आज मुद्दाम तेच कडवं पुन्हा घेतलं. मी गप्प बसले. आत्याही गप्प. मग मी हळूहळू सुरुवात केली आणि तिने माझ्या ओठांकडे बघत, माझ्या अर्ध्या मात्रेमागून, प्रत्येक शब्द उचलला. “तांबड्या लुगड्यान” आलं तेव्हा तिचा चेहरा उजळला. असा उजळला, जसं काही आजी दारातून आत आली.

“तांबड्या!” ती म्हणाली. “हां गो! तांबड्याच!”

“हो आत्या. तांबड्या.”

“तुना पाठ झाला?”

“झाला.”

“सगला?”

“सगळा.”

“मंग मी सुटलू,” ती म्हणाली, आणि बाकीचा धवला एका दमात, एकही जागा न चुकता म्हणाली. मी मोजत नव्हते, मीही गातच होते. खालच्या काकू पुन्हा बेल वाजवायला आल्या त्या या वेळी खुर्ची घेऊन बसल्या.

आता दुरुस्त्या.

१३ नोव्हेंबरच्या नोंदीत मी लिहिलं: ‘आत्या सगळ्या जागा मुद्दाम सोडत होती.’ ‘सगळ्या’ या शब्दावर आडवी रेघ. ‘बऱ्याच.’ रुतिका, २६/११.

२२ नोव्हेंबरच्या नोंदीतलं ‘गंमत करत असणार’ आणि ‘दमली होती’, यांवरही रेघ. शेजारी काय लिहायचं ते माहीत नाही. डॉ. संघमित्रांना फोन केला. लग्न झालं की लगेच आणा म्हणाल्या, सहा महिने थांबायला नको. माझ्या स्वतःच्या रक्ताचं मी विचारणार होते, विचारलं नाही. ते कुठे पळून जात नाही.

खालच्या ओळींत मात्र खाडाखोड होणार नाही.

मी पप्पांना सांगितलं होतं की हळदीला मी आत्याच्या मागे बसेन, अडली तर सांगायला. ते रद्द. शिंप्याकडून ब्लाउज आला, मला बरोबर बसला, आणि आत्या दारात उभी राहून एवढी हसली की तिला पुन्हा ठसका लागला. मी मागे बसणार नाही. शेजारी बसेन, तिच्यासारखीच लाल साडी नेसून, तिच्या डाव्या हाताला. आणि आजीच्या कडव्याला तिच्या थांबण्याची वाट बघणार नाही. तिच्या आधी मी सुरू करेन, मोठ्याने, मोऱ्याच्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं: तांबड्या लुगड्यान.

शनिवारी. २९ नोव्हेंबरला.